बुलियन (ट्रू/फॉल्स) फील्डच्या नावाला 'इज' लावलं की मॅपिंग का गंडतं?

तू विचारलंयस की म्हापशाच्या होमस्टेवाल्याच्या बुकिंग अ‍ॅपमध्ये फ्रंटएंड रूमचं 'इजअव्हेलेबल' ट्रू पाठवतं तरी जावाच्या ऑब्जेक्टमध्ये फॉल्सच राहतं, आणि एररही येत नाही. एरर न येणं हेच जास्त वाईट रे, भर डिसेंबरात रिकामी रूम भरलेली दिसली तर त्या माणसाचं सीझनचं गिऱ्हाईक जातं.

जॅक्सन (फ्रंटएंडकडून येणारा जेसन मजकूर नि जावाचे ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणारी लायब्ररी) काय नि मॅपस्ट्रक्ट (एका ऑब्जेक्टमधली माहिती दुसऱ्यात भरणारा कोड बनवणारं टूल) काय, दोघंही प्रायव्हेट फील्डच्या नावावर जात नाहीत, मेथडच्या नावातलं गेट, सेट, इज छाटून जे उरतं तीच त्यांची प्रॉपर्टी, 1997 च्या जावाबीन्स स्पेसिफिकेशनपासूनची ही पद्धत आहे. आता तू लॉम्बॉक (व्हॅल्यू वाचणारी गेटर नि भरणारी सेटर मेथड आपोआप लिहून देणारं टूल) वापरतोयस, त्याला प्रिमिटिव्ह (साध्या, नल न होणाऱ्या) बुलियनच्या नावात आधीच 'इज' दिसलं की गेटर इजअव्हेलेबल नावाचाच करतो पण सेटर करतो सेटअव्हेलेबल, म्हणजे जॅक्सनच्या लेखी प्रॉपर्टी नुसती 'अव्हेलेबल'. तुझ्या जेसनमधली 'की', म्हणजे फील्डचं नाव, त्याच्या ओळखीचीच नाही, आणि अनोळखी की आली तर फेल व्हायचं सेटिंग स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये मुळातच बंद असतं, मग ती चुपचाप टाकली जाते.

डीटीओमध्ये (माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या ऑब्जेक्टमध्ये) कोणी रॅपर बुलियन (नलही होऊ शकणारा) ठेवला तर आणखी घोळ, तिथे लॉम्बॉक गेटइजअव्हेलेबल बनवतो आणि प्रॉपर्टी 'इजअव्हेलेबल' होते. एन्टिटीत (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासमध्ये) प्रिमिटिव्ह नि डीटीओत रॅपर असला की मॅपस्ट्रक्टला जोडी सापडत नाही, बिल्डमध्ये एक वॉर्निंग येते जी कोणी वाचत नाही, आणि डीटीओत नल.

बरेच जण आहे त्याच फील्डवर जेसनप्रॉपर्टी अ‍ॅनोटेशन चिकटवतात. तसं नको करू, फील्ड आणि गेटरची नावं जुळत नसल्यामुळे जॅक्सन त्यांना दोन वेगळ्या प्रॉपर्टी समजू शकतो आणि जेसनमध्ये दोन्ही कीज दिसतात. आधी फील्डचं नावच 'अव्हेलेबल' कर, मग त्यावर जेसनप्रॉपर्टीत 'इजअव्हेलेबल' लिही, फ्रंटएंडला काहीच बदलावं लागणार नाही. टेबलातला कॉलमही आहे तसा राहू दे, कॉलम अ‍ॅनोटेशनमध्ये त्याचं नाव दे म्हणजे झालं.

आणि मॅपस्ट्रक्टची अनमॅप्डटार्गेटपॉलिसी आजच एररवर टाक, प्लीज. डीटीओतलं एखादं फील्ड मॅपिंगवाचून राहिलं तर बिल्डच थांबेल.