बोअरवेलचे पाणी, किरणोत्सार आणि कर्करोग

प्रश्न : पाणीकपातीच्या काळात आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी पिण्यासाठीही वापरले जाते. गेल्या काही वर्षांत इमारतीतील तिघांना कर्करोग झाला. पंजाबातील भूजलात युरेनियम सापडल्याचे वाचल्यापासून रहिवासी धास्तावले आहेत. पाण्यातील नैसर्गिक किरणोत्सारामुळेच हे झाले का, याचा अभ्यास आम्हाला करता येईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पाण्याची तपासणी तुम्ही अवश्य करून घ्यावी, मात्र तिघांच्या आजाराचे कारण इमारतीपुरत्या अभ्यासातून हाती लागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातून मिळणाऱ्या किरणोत्सारासाठी वर्षाला ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) ही संदर्भमात्रा, म्हणजे तुलनेसाठीची पातळी, धरली आहे. निसर्गातून एरवीच आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात. ०.१ मिलिसिव्हर्ट देणारे पाणी सत्तर वर्षे प्यायल्यास एकूण मात्रा ७ मिलिसिव्हर्ट होते आणि प्रचलित गणिताने दहा हजार माणसांमागे सुमारे चार जादा कर्करोग संभवतात. भारतात नऊपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी कर्करोग होतो असा अंदाज आहे, म्हणजे त्याच दहा हजारांत अकराशेच्या आसपास रुग्ण पाण्याशी संबंध नसतानाही असणारच. अकराशेंतले हे चार वेगळे ओळखणे मोठ्या अभ्यासालाही जड जाते. दोनशे रहिवाशांच्या इमारतीत तर जादा रुग्णांचा हिशेब एकाच्या दशांशाहूनही कमी भरतो.

म्हणूनच असे अभ्यास जिथे किरणोत्सार पुष्कळ आहे आणि कर्करोगाची नोंद चोख ठेवली जाते, तिथेच करतात. फिनलंडमध्ये खडकात खोल खणलेल्या विहिरींच्या पाण्यात युरेनियम, रेडियम आणि रेडॉन ही नैसर्गिक किरणोत्सारी मूलद्रव्ये मोठ्या प्रमाणात आढळतात. तेथील संशोधकांनी अशा विहिरींचे पाणी पिणाऱ्यांमधून रुग्ण आणि त्याच लोकसमूहातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेली इतर माणसे घेतली, त्यांच्या विहिरींचे पाणी तपासले आणि प्रत्येकाला किती मात्रा मिळाली असावी याचा हिशेब मांडला. २००२ ते २००६ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत रक्ताचा, जठराचा, मूत्राशयाचा आणि मूत्रपिंडाचा कर्करोग तपासला गेला, आणि धोका वाढल्याचे स्पष्ट दिसले नाही. याचा अर्थ धोका शून्य आहे असा नव्हे, कारण रेडियम हाडांत साठते आणि घड्याळाच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या कामगार स्त्रियांना झालेले हाडांचे कर्करोग वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहेत. पण त्यांच्या पोटात गेलेले प्रमाण विहिरीच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट होते.

पिण्याच्या पाण्यातील युरेनियमची लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा किरणोत्सारासाठी नव्हे, तर मूत्रपिंडाला होणाऱ्या रासायनिक अपायाच्या शक्यतेवरून ठरली आहे, ही गोष्ट बातम्यांत बहुधा सुटते.

मुंबईपुरते बोलायचे तर भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचे पाणी पृष्ठभागावरचे आहे, आणि इथला बेसॉल्ट (काळा कातळ) हा ग्रॅनाइटच्या तुलनेत युरेनियम फार कमी असलेला खडक आहे. त्यामुळे माझ्या मते तुमच्या बोअरवेलबाबत जंतूंची आणि क्षारांची चिंता आधी करावी. मूळ गाव भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीकडे असेल, तर तिथल्या जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांतल्या बोअरचे पाणी तपासणे अधिक मोलाचे ठरेल.

तपासणीत आधी एकूण अल्फा आणि एकूण बीटा या दोन प्रकारचा किरणोत्सार मोजतात. हे आकडे लिटरला अनुक्रमे ०.५ आणि १ बेक्वेरेलच्या (किरणोत्सार मोजण्याचे एकक) आत असतील, तर सहसा पुढील चाचण्यांची गरज पडत नाही. रेडॉन यात धरला जात नाही. तो वायू असल्याने बाटली काठोकाठ, एकही बुडबुडा न राहील अशी भरून लगेच प्रयोगशाळेत पोचवावी लागते, कारण चार दिवसांत तो जवळजवळ निम्मा उरतो. पाणी उकळल्याने रेडॉन निघून जातो, युरेनियम मात्र जात नाही. आरओ यंत्राने युरेनियम आणि रेडियम बरेचसे कमी होतात.