सासूबाई म्हणतात, काश्मीर नको

प्रश्न : ताई, आम्ही सेलूचे. मी शाळेत शिकवते, मिस्टर जिनिंगमध्ये हिशोबाचं काम बघतात. काश्मीरला जायचं दोन वर्षांपासून चाललंय. मागच्या वर्षी पहलगामच्या घटनेमुळं राहिलं. यंदा यांनी परत विषय काढला आणि मला न विचारता एजंटाकडं वीस हजार ॲडव्हान्स देऊन आले. आम्ही सहा जण : आम्ही दोघं, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा, सासू-सासरे. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. ऐकल्यापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालंय. “लेकरं घेऊन मरायला जाता का?” म्हणतात. हे म्हणतात, मरण यायचं तर घरातही येतं. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. जावं का?

उत्तर : ताई, “काही होत नाही, बिनधास्त जा” असं मी लिहून देऊ शकत नाही. लातूरहून सहली नेते त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण असा शब्द कुणाला दिला नाही. कुणी एजंट तो छातीठोक देत असेल तर त्याच्यापासून जरा जपूनच राहा.

२२ एप्रिल २०२५ ला मी काश्मीरमध्येच होते. सोबत औसा, निलंगा आणि लातूरची मिळून एकोणीस माणसं. त्या दिवशी आमचं गुलमर्ग होतं, पहलगाम दुसऱ्या दिवशी. पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दुपारी गोळीबार झाला, २६ माणसं गेली. त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा, आणि तिथलाच एक घोडेवाला. आम्हाला कळलं ते खाली तनमर्गला उतरून चहा घेताना. आमच्या ड्रायव्हरला फोन आला. त्यानं ऐकलं, एक शब्द बोलला नाही, हातातला कप गाडीच्या टपावर ठेवला आणि आम्हाला बसायची खूण केली. गाडी हलली तसा तो कप टपावरून घरंगळत काचेवर आला आणि सगळा चहा पुढच्या काचेवर पसरला. त्यानं वायपर लावला. ती काच पुसली जाताना बघत आम्ही सगळे गप्प होतो, कुणाला काही विचारायचा धीर होईना.

त्या रात्री आमचे हाल झाले ते फोनपायी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. निलंग्याच्या एका काकूंकडं प्रीपेड होतं. इकडं त्यांचा मुलगा टीव्हीपुढं बसून चार तास तोच बंद नंबर लावत होता. माझा नंबर त्याच्याकडं नव्हता, हॉटेलचं नाव माहीत नव्हतं. ती चूक माझी. शेवटी रात्री साडेनऊला बोलणं झालं तेव्हा तो काही बोललाच नाही, नुसता रडला. तेव्हापासून प्रत्येकाच्या घरी एक कागद ठेवल्याशिवाय मी गाडी हलवत नाही : कुठली रात्र कुठं, हॉटेलचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर, माझे दोन नंबर. तुम्हीही हा कागद करा आणि शेजारी देऊन जा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आमची परती गाडीनं जम्मूला होती. पण दोनच दिवस आधी रामबनजवळ पावसानं दरडी कोसळून महामार्ग बंद झाला होता. म्हणजे हल्ला व्हायच्या आधीच आमचा बाहेर पडायचा रस्ता बंद होता, आणि “होईल दोन दिवसांत चालू” म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं. २३ तारखेला सगळं काश्मीर बंद राहिलं. हॉटेलवाल्यानं दोन जादा रात्रींचे पैसे घेतले नाहीत, ड्रायव्हरनं विमानतळापर्यंत सोडून एक रुपया घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तिकिटं मिळाली. म्हणून ताई, कुठंही जायचं ठरवताना मी आता पहिल्यांदा हेच विचारते, की इथून निघायला वाटा किती? काश्मीरला आता महामार्ग आणि विमान तर आहेच, जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही झाली. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात लढाई पेटली तेव्हा श्रीनगरसकट ३२ विमानतळ काही दिवस बंद होते, हेही लक्षात असू द्या. परतीनंतर शाळेत हजर व्हायला मध्ये चार दिवस मोकळे ठेवा.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. घरातही मरण येतं, हे आमच्याकडच्या माणसांना कुणी सांगायला नको. माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून झोपलेल्या गावांवर भूकंपानं पहाटे चारच्या आत माळवदं आली. हिशोबानं बघितलं तर मिस्टरांचं बरोबरच आहे. एकट्या २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे रोजची साडेचारशेच्या वर. २०२३ च्या ऑक्टोबरात वैजापूरजवळ समृद्धीवर सैलानी बाबांच्या दर्ग्याहून परतणारा टेम्पो ट्रॅव्हलर मध्यरात्री ट्रकला धडकला आणि बारा जण गेले. काश्मीरच्या सहलीत मला सगळ्यात जास्त धाकधूक कशाची असेल तर ती रात्रीच्या घाटातल्या गाडीची. रात्री आठनंतर गाडी चालणार नाही, हे एजंटाकडून कबूल करून घ्या. चालढकल करायला लागला तर दुसरा बघा.

पण हे आकडे सासूबाईंना ऐकवू नका. मी एकदा माझ्या आईला ऐकवले होते. पहलगामनंतर महिनाभरानं मी परत काश्मीरची चौकशी करते आहे हे कळल्यावर ती चिडली. मी म्हटलं, अगं, भूकंपातून वाचलीस तू, तुला कशाची भीती? ती म्हणाली, “भूकंपानं कुणाचं नाव विचारलं नव्हतं.” माझ्याकडं उत्तर नव्हतं. बैसरनला माणसांना धर्म विचारून मारलं. अपघाताची भीती आणि कुणीतरी आपल्या लेकराकडं बघून नेम धरेल ही भीती, दोन्हींची मोजमापं वेगळी आहेत. सासूबाईंना आकडे कळत नाहीत असं समजू नका. त्या दुसरंच काहीतरी मोजतायत.

त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, आई, नेमकं काय डोळ्यापुढं येतं? माझ्या अनुभवात या वयाच्या बायांना स्वतःच्या मरणाचं फार काही नसतं. पळायची वेळ आली तर माझे गुडघे, आणि माझ्यापायी लेकरं मागं राहतील, हे त्यांना खात असतं. तसं असेल तर त्यांना लेकीकडं आठ दिवस राहू द्या, सासऱ्यांनाही विचारा. पण “आई घाबरते” म्हणून हसण्यावारी नेऊन गाडीत घालू नका. भ्यालेलं माणूस सोबत नेलं की दल सरोवरातही त्याला आणि तुम्हाला सुख नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी असते तर गेले असते. निघायच्या आधी, एप्रिलच्या शेवटी, एकदा तपासून घ्या की ठिकाणं उघडी आहेत का. हल्ल्यानंतर सरकारनं काश्मीरमधली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती, ती पुढं टप्प्याटप्प्यानं उघडत गेली. जे बंद असेल तिथं “ओळखीनं नेतो” म्हणणाऱ्याच्या मागं जाऊ नका. एजंटाकडून रद्द करायच्या आणि तारीख बदलायच्या अटी कागदावर घ्या. ॲडव्हान्सची पावती नसेल तर आजच मागा. आणि एप्रिलच्या शेवटीही सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नसेल तर तारीख पुढं ढकला. ते जमलं नाही तर वीस हजार सोडून द्या. मिस्टरांना राग येईल, येऊ द्या. सहा जणांची सहल एकट्यानं ठरवायची नव्हती.

एक सांगायचं राहिलं. माझा मावसभाऊ तेव्हाच्या औरंगाबादला टॅक्सी चालवायचा, वेरूळ-अजिंठा. २६/११ झालं मुंबईत, साडेतीनशे किलोमीटर लांब. परदेशी पाहुण्यांनी त्याची डिसेंबरची सगळी बुकिंगं रद्द केली. तिकडून बघणाऱ्याला वेरूळ आणि मुंबई एकच. त्या हिवाळ्यात त्यानं गाडीचे हप्ते भरायला बायकोच्या पाटल्या मोडल्या. तनमर्गच्या त्या ड्रायव्हरचा मला अजून फोन येतो. “दीदी, कब आओगे?” एवढंच विचारतो. तुम्हाला भरीला घालायला हे लिहीत नाही. ठरवताना ही बाजूही तुमच्यासमोर असावी एवढंच.

प्रश्न : मुलगा बारावीनंतर मित्रांबरोबर दिल्ली-आग्र्याला जायचं म्हणतोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला. पाठवू का? (उदगीर)

उत्तर : पाठवा. २०१० च्या फेब्रुवारीत पुण्यात कोरेगाव पार्कला बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले. म्हणून आपण लेकरांना पुण्याला शिकायला पाठवायचं थांबवलं का? जाताना त्याला एवढं शिकवा : बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, फोटो काढत थांबायचं नाही, लांब जायचं आणि ११२ ला फोन करायचा. रोज रात्री नऊला घरी एक फोन.

प्रश्न : लग्नानंतर श्रीलंकेला जायचं ठरतंय. घरचे २०१९ च्या ईस्टरच्या स्फोटांची आठवण काढतात. विमा काढला की झालं ना? (अंबाजोगाई)

उत्तर : विमा काढाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नुसती भीती वाटली म्हणून तुम्ही रद्द केलंत तर सहसा पैसे मिळत नाहीत. दहशतवादी हल्ल्यात दवाखान्याचा खर्च मिळतो का, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं. सही करण्याआधी ते पान शोधून वाचा, नाही सापडलं तर एजंटाला बोट ठेवून दाखवायला सांगा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना निघायच्या आठवड्यात बघा आणि कोलंबोतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये घाला, एकाच्याच नको.