अतिवृष्टी आणि सुरक्षितता या विषयावर मुलांकडून चित्रे कशी करून घ्यावीत?

तुम्ही विचारले आहे की, पाचवी ते आठवीच्या मुलांकडून पावसाळ्याच्या सुरुवातीला 'वादळ, अतिवृष्टी आणि सुरक्षितता' या विषयावर चित्रे करून घ्यायची आहेत, पण दरवर्षी काळा ढग, नागमोडी वीज, छत्री आणि खाली एखादे घोषवाक्य यापलीकडे मुले जात नाहीत, तर काय करावे. मी कुर्ल्याजवळच्या एका मराठी शाळेत बावीस वर्षे चित्रकला शिकवते आहे आणि हा विषय जवळजवळ प्रत्येक जूनमध्ये माझ्या वर्गात होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट सुरक्षिततेचीच आहे आणि ती मला माझ्या चुकीतून कळली. काही वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गाला सांगितले होते, "पाऊस आधी नीट पाहा आणि मग काढा." निसर्गचित्र शिकवताना आपण हे वाक्य सहज बोलून जातो. सोमवारी एका मुलाने लाटेचे फार सुंदर चित्र आणले. लाट कठड्यावर आपटून वर उसळलेली होती आणि तिचा रंग निळा नव्हता, पावसाळ्यात मुंबईच्या समुद्राचा खरोखर असतो तसा गढूळ तपकिरी होता. कागदाचा एक कोपरा मात्र भिजून फुगला होता. विचारल्यावर कळले की रविवारी मोठ्या भरतीच्या वेळी तो वही घेऊन थेट समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसला होता. त्याला काही झाले नाही, पण बाईंनी पाहायला सांगितले म्हणून तो तिथे गेला होता, हे माझ्या मनातून आजही जात नाही. तेव्हापासून मी विषय देताना रेखाकला परीक्षेतला शब्द वापरते आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते: हे स्मरणचित्र आहे. खिडकीतून जे दिसते, जे आठवते आणि घरच्यांनी जे सांगितले आहे ते काढायचे. पाहण्यासाठी, फोटोसाठी किंवा व्हिडिओसाठी बाहेर पडायचे नाही. पालकांना पाठवायच्या सूचनेतही हे वाक्य अवश्य घाला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मुले घोषवाक्यावर का अडतात, याचे कारण माझ्या मते असे आहे की संकटाचे चित्र काढणे सोपे असते आणि सुरक्षिततेचे फार अवघड. वादळात सगळे हलत असते, उडत असते, कोसळत असते, त्यामुळे हात आपोआप चालतो. सुरक्षितता म्हणजे बहुतेक वेळा थांबणे, न जाणे, वाट पाहणे, आणि थांबलेल्या माणसाचे चित्र कसे काढायचे हे मुलाला कोणी शिकवलेलेच नसते. मग ते बिचारे वादळ काढते आणि सुरक्षितता खाली अक्षरांत लिहून टाकते. आपण शिकवायचे आहे ते हेच, की थांबणे कसे दिसते.

एका मुलाने मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाचे चित्र काढले होते. मैदान पूर्ण रिकामे होते, तीन स्टंप तसेच उभे होते, एक चप्पल उलटी पडली होती, आणि लांब इमारतीच्या जिन्यात सहा-सात मुले दाटीवाटीने उभी होती. आकाशात वीज काढलेलीच नव्हती. मी विचारले तर म्हणाला, "बाई, आम्ही गडगडाट ऐकला आणि पळालो, वीज कोणी बघितली?" खेळ अर्ध्यावर सोडून दिला आहे, ही गोष्ट त्या उभ्या राहिलेल्या स्टंपांनी जितकी सांगितली तितकी कोणत्याही घोषवाक्याने सांगितली नसती.

विजेविषयी दोन गोष्टी मुलांना चित्राआधी जरूर सांगा. मुंबईत विजांचा कडकडाट मुख्यतः मे-जूनच्या वळवाच्या पावसात आणि नंतर मोसमी पाऊस परतताना, सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरमध्ये होतो. भर जुलैच्या संततधारेत वीज फारशी नसते, त्यामुळे तुंबलेल्या पाण्याच्या प्रत्येक चित्रात वीज काढण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट मोजण्याची आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावेत, म्हणजे अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणून लगेच पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मोजणी सुरू होण्याआधीच जवळ गडगडाट झाला, तर मोजत बसायचे नाही, आधी आत जायचे. मुलांना हे मोजणे फार आवडते आणि ते चौकटींच्या चित्रकथेत छान बसते.

अतिवृष्टीसाठी मी दरवर्षी एकच प्रयोग करते आणि त्यावाचून हा विषय सुरू करत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात साधारण ७३ मिलिमीटर. मी वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटीमीटरवर खडूने एक रेघ ओढते आणि सात सेंटीमीटरवर दुसरी. मग मुले एकेक करून भिंतीला टेकून उभी राहतात. वरची रेघ पाचवीतल्या मुलाच्या कमरेच्या वर येते. खालची चार बोटे रुंद असते, घोट्यापाशी. एकाच शहरात, एकाच दिवशी. वर्ग एकदम शांत होतो. त्यानंतर मी सांगते की वरची रेघ म्हणजे सपाट जमिनीवर, कुठेही न वाहता साठले असते तर तेवढे पाणी. खोलगट भागात आजूबाजूचे पाणीही येऊन मिळते. शिवाय त्या दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती, आणि भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नाल्यांत शिरू नये म्हणून त्यांची दारे बंद ठेवावी लागतात, म्हणजे शहरातले पाणी बाहेर जायला वाटच राहत नाही. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती वर्गात लावून घ्या, त्या तारखा मुले स्वतःहून लक्षात ठेवतात.

या दोन रेघांमधून मुले एक फार महत्त्वाची गोष्ट शिकतात: आपल्या खिडकीबाहेरचा पाऊस म्हणजे सगळ्या शहराचा पाऊस नव्हे. त्या दिवशी दक्षिण मुंबईत कामाला असलेली असंख्य माणसे तिथला पाऊस पाहून संध्याकाळी निश्चिंतपणे घरी निघाली आणि वाटेत अडकली, काही जण बंद गाड्यांतच दगावले. दुसरीकडे कितीतरी मुले रात्रभर शाळेतच राहिली आणि सुखरूप राहिली. माझ्या एका विद्यार्थिनीची आई त्या रात्री शाळेत अडकलेल्या मुलींपैकी होती. आईकडून ऐकून तिने चित्र काढले: बाके जोडून केलेला बिछाना, त्यावर आडव्या पडलेल्या मुली, मधोमध उघडलेला एकच डबा आणि त्यात सात-आठ हात, खिडकीत मेणबत्ती. पाणी फक्त खिडकीच्या एका तावदानात दिसत होते. वरच्या मजल्यावर थांबणे इतके स्पष्ट दाखवणारे चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

कुर्ल्यात मिठी नदीच्या बाजूला अजूनही काही घरांत भिंतीवर त्या वर्षीच्या पाण्याची रेघ ठेवलेली आढळते. रंग काढतानाही तेवढा पट्टा सोडून देतात. मुलांना घरच्या मोठ्यांना विचारून अशी रेघ, अशी आठवण आणायला सांगा. आजी-आजोबा असतील तर उत्तमच.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे चार रंग हा चित्रकलेच्या तासाला आयताच मिळालेला विषय आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. कागदाची चौघडी घालायची आणि आपलीच गल्ली चार वेळा काढायची. नुसते आकाश रंगवून भागणार नाही. प्रत्येक चौकटीत माणसे काय करत आहेत ते बदलले पाहिजे. पिवळ्यात कोणी बातम्या ऐकत आहे, नारिंगीत दप्तरातली पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत जात आहेत, मोबाइल चार्ज होत आहे, खालचे सामान पोटमाळ्यावर चढते आहे, लाल चौकटीत गल्ली रिकामी आहे आणि सगळे आत आहेत. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार. मोठ्या माणसाची वीत साधारण तेवढीच असते, हे सांगितले की आकडा मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

वाऱ्याचा विषय वगळू नका. चक्रीवादळे ओडिशाकडे होतात अशी आमच्या मुलांची समजूत होती, पण १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्यात ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचे वारे नोंदले गेले. १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून सतरा माणसे गेली. त्या दुपारचे धुरकट, पिवळसर आकाश आमच्या परिसरातल्या मुलांच्या पक्के लक्षात आहे. वादळी वाऱ्यात फलक, झाड, पत्र्याचे छप्पर आणि बांधकामाची परांची यांच्याखाली आसरा घेऊ नये, हे त्यांना पाठ करून घ्यावे लागत नाही.

एका बाबतीत मात्र कठोर राहा. चित्र कितीही देखणे असले तरी त्यात चुकीची कृती बरोबर म्हणून दाखवली असेल, तर ते भिंतीवर लावू नका. विजांच्या पावसात झाडाखाली उभी असलेली माणसे, कमरेइतक्या पाण्यातून लहान भावाला खांद्यावर घेऊन निघालेला शूर दादा, पाण्यात उभे राहून मेन स्विच बंद करणारे बाबा, ही चित्रे माझ्याकडे दरवर्षी येतात. मी मुलाला जवळ बसवून कारण सांगते. वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर, पंधरा सेंटीमीटर असले तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते. गढूळ पाण्याखाली उघडे मॅनहोल दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहरातले एक नामवंत डॉक्टर असेच गेले. मेन स्विच पाणी घरात येण्याआधी, कोरड्या हातांनी आणि कोरड्या जागी उभे राहून बंद करायचा असतो. पाण्यातून चालावे लागलेच, तर नंतर लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजारासाठी डॉक्टरांकडे लवकर जावे, विशेषतः पायाला जखम असेल तर. एवढे बोलून झाल्यावर चित्र दुरुस्त करायला मुलाला नवा कागद द्या, जुन्यावर फुली मारू नका.

काही मुले या विषयावर काढणारच नाहीत. ज्यांच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरते किंवा ज्यांची वस्ती डोंगरउतारावर आहे, त्यांच्यासाठी हा चित्रकलेचा विषय राहत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पूर्ण तास कागद फक्त राखाडी रंगवला आणि मला दिला. मी तो ठेवून घेतला, काही विचारले नाही. असे मूल असेल तर त्याला घरात कोरडे राहिलेले काय आवडते ते काढायला सांगा, किंवा मोकळे सोडा. त्याच्या घराची गोष्ट वर्गापुढे सांगायला लावू नका, आणि या चित्रांना पहिला-दुसरा क्रमांकही देऊ नका.

साहित्याचे थोडक्यात सांगते. पावसासाठी पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर तिरप्या रेघा जोरात ओढायच्या आणि वरून पातळ काळपट निळा रंग फिरवायचा. मेणावर रंग धरत नाही आणि सरी उमटतात. हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे पुलावरच्या अवचित सरीचे १८५७ मधले ठसाचित्र मुलांना दाखवा. त्यात पाऊस नुसत्या बारीक रेघांचा आहे आणि माणसे अंग चोरून पळत आहेत. थेंब अश्रूसारखा टोकदार नसतो, लहान थेंब गोल आणि मोठा खालून चपटा असतो, हेही सांगा, मुलांना फार गंमत वाटते. जूनच्या दमट हवेत जलरंग वाळत नाहीत, म्हणून तेलखडू जास्त आणि रंगाचे पाणी कमी ठेवा, कागद पंख्याखाली दोरीला चिमट्याने लावा.

चित्रे वर्गात न लावता जिन्यात आणि फाटकाजवळ, जिथे न्यायला आलेले पालक उभे राहतात तिथे लावा, कारण पाऊस वाढला की मुलांना घाईने घरी नेण्याचा निर्णय तेच घेतात. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ आणि ११२ हे दोन क्रमांक मुलांकडूनच मोठ्या, सुवाच्य अक्षरांत लिहून घ्या. घरी न्यायच्या चित्रामागे आई-बाबांचा आणि कोरड्या जागी राहणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन नंबर मुलाने स्वतःच्या हाताने लिहावा. जी चित्रे शाळेत राहणार आहेत, त्यांच्यामागे मात्र काहीही लिहू नये.