ईक्यूचा शोध नेमका कुणाचा?

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. ट्रेनिंगला आलेले सर म्हणाले, ईक्यूचा, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचा, शोध डॅनियल गोलमनने लावला. खरंय का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही हो, शास्त्रीय मांडणी केली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी, १९९० मध्ये. गोलमनपण मानसशास्त्रज्ञच, हार्वर्डचे पीएचडी, पण न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहायचे आणि १९९५ ला त्यांचं 'इमोशनल इंटेलिजन्स' हे पुस्तक आलं तसा हा विषय घरोघरी पोचला. पहिल्या दोघांचं नाव कुणी घेतच नाही, हे मला खटकतं. त्यांच्या मते ही क्षमता आहे, म्हणजे समोरच्याची भावना चेहऱ्यावरून ओळखायची, ती का आली ते समजून घ्यायचं, स्वतःची सांभाळायची. गोलमननी त्यात चिकाटी वगैरेपण घातली, त्यावरून टीकाही झाली. तुमच्याकडं लूमवरचा कामगार गप्प दिसला तर तो चिडलाय का थकलाय, आधी एवढं ओळखायला शिका.