न्यूझीलंडमधलं रोटोरुआ-वायटोमो करताय? मग हे वाचा
रोटोरुआत दोन रात्री तरी ठेवाच, आणि वाय-ओ-टापूला (गरम पाण्याच्या कुंडांचं पार्क) सकाळीच पोचा कारण तिथला लेडी नॉक्स गीझर (जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) रोज सव्वादहाला उडवतात, हो उडवतात, माणूस येऊन त्यात साबणासारखी पावडर टाकतो मग ते फसफसत वर येतं, त्यामुळे फार अपेक्षा नकोत. तिकीट आधी घ्या, गीझर मेन पार्कपासून गाडीने थोडं लांब आहे. खरी मजा मेन पार्कातला शॅम्पेन पूल, म्हणजे गरम पाण्याचं मोठं कुंड, कडेला भगवा थर, तो आर्सेनिक-अँटिमनीचा, पाणी सत्तर अंशांच्या वर, सो पोरांचा हात सोडू नका. सडक्या अंड्यांचा वास येणारच, चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात. बजेट कमी असेल तर गावातलं कुइराऊ पार्क फुकट आहे. गरम कुंडात बसलात तर डोकं पाण्याखाली नको, अमिबाचं इन्फेक्शन होऊ शकतं.

तिथून वायटोमोच्या चमकणाऱ्या किड्यांच्या गुहा साधारण दोन तास, स्लॉट आधीच बुक करा. गुहेत बोटीतून जाताना फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे म्हणा. आत चमकतात ते काजवे नाहीत बरं का, माशीसारख्या किड्याच्या अळ्या असतात, चिकट धागे खाली सोडून उजेडाने भक्ष्य ओढतात. आत गार असतं, जॅकेट न्या.