आईच्या चालीनं

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आई निवृत्त झाली, घरात तिचा वेळ जात नाही, म्हणून रविवारी सकाळी तिला पक्षी बघायला न्यावं असं तुझ्या मनात आहे. पण तिचे गुडघे दुखतात, ती हळू चालते, मग सकाळभरात बघून किती होणार, ही तुझी काळजी. तिला जरूर ने, आणि तिच्याच चालीनं चाल. पाणथळीवर भराभर चालणाऱ्याला पक्षी उडून जाताना दिसतात. बसणाऱ्याला ते खाताना, भांडताना, पिसं साफ करताना दिसतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं काठ ओस वाटतो. मग पाणकणसातून जांभळी पाणकोंबडी बाहेर येते, उडालेली तुतवार पुन्हा चिखलात उतरते, टिबुकली बुडी मारते ती भलतीकडेच वर येते. हे बसणं आईला सहज जमेल. तुला त्याची सवय करावी लागेल.

आपल्याकडे सगळे हिवाळ्यात जातात, डिसेंबर-जानेवारीत गाड्यांची रांग लागते. मला विचारशील तर नवख्या माणसाला फाल्गुन-चैत्रात न्यावं. पाहुणे पक्षी परत जायच्या बेतात असतात आणि जाण्याआधी विणीच्या हंगामाची पिसं अंगावर चढायला लागलेली असतात. हिवाळाभर मळकट दिसणारा पिवळा धोबी मार्च-एप्रिलमध्ये हळदीसारखा होतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या मानेवर विटकरी रंग चढतो. पुण्याजवळ कवडीपाटला गेलास तर चक्रवाकाची जोडी शोध. दोघंही नारिंगी-बदामी, लांबून सारखीच दिसतात. पण या दिवसांत नराच्या गळ्यात बारीक काळी पट्टी असते, मादीला ती नसते. हे आईला आधी सांगू नकोस. दुर्बीण हातात दे आणि दोघांत फरक काय तो शोधायला सांग. तिनं स्वतः शोधलेली ती पट्टी ती विसरणार नाही. हेच चक्रवाक एप्रिल उजाडेपर्यंत निघतील आणि लडाख-तिबेटकडच्या तलावांवर अंडी घालतील, हे मात्र तू सांग.

कवडीपाटची एक गोष्ट मनाशी धरून जा. मुळा-मुठेचं पाणी तिथे घाण वास मारतं, बंधाऱ्याखाली फेस असतो, काठावर प्लॅस्टिक अडकलेलं असतं. आईला वाईट वाटेल. वाटू दे. आपल्याच शहराचं सांडपाणी आहे ते, आणि त्याच पाण्यात हे पक्षी हजारो किलोमीटरच्या प्रवासाआधी पोट भरतात. मला तर ते पाहून दर वेळी संताप येतो.

आता दुर्बिणीचं, कारण इथेच बहुतेकांचे आईवडील पहिल्या दिवशी कंटाळतात. दुर्बीण हातात देतात आणि म्हणतात, ‘ते बघ, तिथे!’ त्यांना दिसतो काळा गोल. आईला चष्मा आहे ना? मग डोळ्यांकडच्या रबरी कडा पूर्ण खाली फिरव, नाहीतर चित्र अर्धंच दिसतं. चष्मा काढायला लावू नकोस. मग लांबच्या एखाद्या पाटीवर नेम धरायला सांग. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं पाटी स्पष्ट करायची, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवायची आणि तीच पाटी पुन्हा स्पष्ट करायची. ती कडी कुठे थांबली तिथे पेन्सिलची खूण कर. तुझ्या डोळ्यांची खूण वेगळी असेल, म्हणून एका दुर्बिणीत दोघांनी भागवू नये. तिच्यासाठी ८ × ४२ पुरे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १० पटीची घेऊ नकोस, हात थोडा हलला तरी सगळं चित्र हलतं.

दोन गोष्टी कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. पाणथळीच्या काठी बहुधा स्वच्छतागृह नसतं, आणि आपल्या आया मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाटेत कुठे थांबायचं ते आधी ठरव आणि तिला घरीच सांगून टाक. दुसरं, घडीचं स्टूल ने. सूर्योदयाला पोच, ऊन पाठीशी राहील अशी जागा धर, साडेनऊच्या सुमारास निघ.

दर वेळी लांब जायला नको. एका रविवारी पाणथळ, पुढच्या रविवारी एम्प्रेस गार्डन असं ठेव. तिथे जुनी मोठी झाडं आहेत, सपाट वाटा आहेत, बसायला बाक आहेत. वसंतात तांबटाचं ‘टुक टुक’ तासन्‌तास चालू असतं. त्यानं वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पाडलेलं दिसलं तर जरा दूर बसा. काम चालू असेल तर तो आत शिरतो, काही वेळानं चोचीत भुसा घेऊन तोंड बाहेर काढतो आणि मान झटकून भुसा टाकतो. वाळकी फांदी ‘साफसफाई’त तोडली की हे घर जातं, हे तिथे बसल्यावर आपोआप कळतं. वय वाढतं तसे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. शिंजिराची किणकिण आईला ऐकू आली नाही तर ‘अगं, ऐक की!’ असं करू नकोस. भारद्वाजाचा घुमणारा आवाज तिला तुझ्याआधी ऐकू येईल. मोबाइलवर आवाज ओळखणारं ॲप वापर हवं तर, पण पक्ष्याला त्याचा आवाज वाजवून दाखवायचा नाही. विणीच्या दिवसांत नर त्याला प्रतिस्पर्धी समजतो आणि सगळं सोडून भांडायला धावतो.

भिगवणलाही जा. तिथे उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलं की चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो अगदी मनासारखे दिसतात. कुंभारगाव-डिकसळकडचे मच्छीमार होडीतून नेतात, त्यांची नजर तुझ्या-माझ्यापेक्षा पक्की आहे. त्यांना आधीच सांग, ‘दादा, थवा उडवायचा नाही, लांबूनच बघू.’ उडत्या फ्लेमिंगोंचा फोटो हवा म्हणून लोक होडी थव्यात घालायला लावतात. हा हट्ट मला सहन होत नाही. पट्टकदंब हंसांना तर हिमालय ओलांडायचा असतो. त्यांच्या वाटेची नोंद सात हजार मीटरहून उंच झालेली आहे. अंगावर साठवलेली चरबी आपल्या फोटोपायी जळायला नको.

राहिली तुझी यादी. ‘लाइफर’, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी, मोजायचे तर मोज, माझी हरकत नाही. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असशील तर तासाभरात दिसलेला प्रत्येक पक्षी लिही, साळुंकी आणि होलासुद्धा. त्याच वहीत शेजारी एक रकाना आईसाठी ठेव. ती खेड्यात वाढली आहे. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं तिच्या घरात म्हणत असतील. पावशा ओरडायला लागला की पेरणीची बोलणी निघत असतील. सातभाईंना, कोतवालाला तिच्या गावात काय म्हणायचे ते विचार, तिनं सांगितलेलं जसंच्या तसं उतरव, दुरुस्त करू नकोस. टिटवी जमिनीवर खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. तुझ्या आईनं लहानपणी शेतात ती जवळून पाहिली असण्याची शक्यता तुझ्यापेक्षा खूप जास्त आहे. त्या दिवशी तिला पुढे चालू दे आणि पाऊल कुठे टाकायचं ते तिलाच विचार.

पुढचा रविवार सोडू नकोस. चक्रवाक अजून आहेत. माझी जुनी दुर्बीण कपाटात पडून आहे, शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. आईला सोबत आण, रबरी कडा आणि ती कडी इथेच लावून बघू.

तुझी,
काकू