बालीच्या खेड्यात जागा बघतोयस? आधी हे वाच

भावा, पुपुआनकडचं ते भातखाचरांचं गाव तुला आवडलंय हे कळतं, पण टोकन देऊ नकोस. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त तिथल्या नागरिकांना मिळते. एजंट म्हणेल की लोकल माणसाच्या नावावर घेऊ, तुझं वेगळं अ‍ॅग्रीमेंट करू, तर सरळ उठून ये, कारण तसा व्यवहारच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे मागता येत नाहीत. लीज घे, नोटरीकडूनच. भाव आरवर सांगतात, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास आपला गुंठाच, आणि लीजचा दर बहुतेकदा एका वर्षाचा असतो, तो सगळ्या वर्षांनी गुणून बघ.

आणि झोनिंग बघच, भातशेतीच्या हिरव्या पट्ट्यात घर बांधता येत नाही.

बाकी पाण्याचं फार सांभाळ रे, पाटाचं पाणी सुबाक ठरवतं, म्हणजे शेतकऱ्यांची शेकडो वर्षं चालत आलेली पाणीसंस्था, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेली ती, तुझ्या भिंतीने पाट अडला तर खालच्या सगळ्यांचं भात वाळेल. सही करायच्या आधी बंजारच्या, म्हणजे वस्तीच्या, प्रमुखाला भेटून ये, वर्गणी, देवळाची वाट सगळं तेच नीट सांगतील.